यादीतलं नाव आणि बोटावरची शाई

स्मरणिकेसाठी सेक्रेटरींनी ‘सोसायटीचा इतिहास’ लिहायला सांगितलं होतं. पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंगचे वाद हे सगळं इतर मंडळी लिहीतच आहेत. मी मतदानाबद्दल लिहितो. या विषयात आपल्या कल्याण-डोंबिवलीचं नाव एकेकाळी फार वाईट अर्थाने गाजलं होतं.

माझं लहानपण गिरगावच्या चाळीत गेलं. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या मातब्बर नेत्याला जॉर्ज फर्नांडिस यांनी हरवलं, तेव्हा मला मत नव्हतं. त्या वेळी वयाची अट २१ होती, ती १८ झाली १९८९ मध्ये. पण चाळीत मतदानाचा दिवस सणासारखा असायचा. कोण गेलं, कोण राहिलं हे गॅलरीत उभं राहूनच कळायचं. आजीला वडील हात धरून घेऊन जात. बायकांचं मत ही तेव्हा गृहीत धरण्यासारखी गोष्ट नव्हती. पहिल्या निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या प्रांतांत लाखो बायकांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची आई, तमक्याची बायको’ एवढंच सांगितलं. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी सुमारे २८ लाख नावं यादीत घेतली नाहीत. १९६२ मध्येही देशात पुरुषांचं मतदान ६३ टक्के, तर स्त्रियांचं ४७ टक्क्यांच्या आसपास होतं. २०१९ पर्यंत हा फरक जवळजवळ पुसला गेला. माझ्या मते आपल्या लोकशाहीतली ही सर्वांत मोठी, आणि सर्वांत कमी बोलली गेलेली गोष्ट आहे.

बँकेत असताना निवडणुकीची ड्यूटी लागायची. १९९९ च्या सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी होत्या. मला जव्हारकडच्या एका पाड्यावर पाठवलं. पांढरी मतपत्रिका लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. एवढं समजावता समजावता घसा बसला. वर धो धो पाऊस. तरी सकाळपासून बायका डोक्यावर इरली घेऊन, चिखल तुडवत येत होत्या. वेळ संपली तेव्हा रांग बाकी होती. नियमाप्रमाणे रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे मागून कोणी घुसू नये. चिठ्ठी मिळालेली एकही बाई परत गेली नाही.

आणि आपण? २००९ ची लोकसभा. मतदारसंघांची फेररचना होऊन कल्याण हा नवा मतदारसंघ झाला होता. मतदान ३० एप्रिलला, गुरुवारी. शुक्रवारी १ मे, पुढे शनिवार-रविवार. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मेणबत्त्या घेऊन उतरलेली मुंबई चाळिशीच्या आसपासच राहिली, आणि आपल्या कल्याणात जेमतेम ३४ टक्के! आपल्या जिन्यात त्या दिवशी किती कुलपं होती ते मला सांगता येणार नाही, कारण त्यातलं एक माझंच होतं. आम्ही २९ च्या रात्रीच कोकणात गेलो होतो. हे आजवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. विचारलंच कोणी, तर ‘नाव गिरगावच्या यादीत आहे’ असं सांगायचो. ते खरंही होतं! इथे येऊन नऊ वर्षं झाली होती आणि नमुना ६ भरायला मला वेळ मिळाला नव्हता. दुसऱ्यांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात जन्म गेला, आणि स्वतःचा एक अर्ज भरवेना.

‘शहरी माणूस आळशी’ म्हणून विषय संपवणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. आपल्याकडे बहुतेक घरं मुंबईतून उठून आलेली, नावं जुन्या पत्त्यावर. भाडेकरू अकरा महिन्यांनी बदलतात. सकाळी सात-साडेसातची लोकल धरणाऱ्याला सुट्टी असली तरी केंद्र कुठे हेच ठाऊक नसतं. त्यातून सोमवार आला की जोडून सुट्टी. २०१४ मध्ये आपण ४३, २०१९ मध्ये ४५ आणि २०२४ च्या लोकसभेत, तोही सोमवारच होता, ५० टक्क्यांपर्यंत पोचलो. त्याच निवडणुकीत गडचिरोली-चिमूरमध्ये नक्षलग्रस्त भागात तीन वाजताच मतदान बंद होत असूनही सुमारे ७२ टक्के झालं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला. राज्यात ६६ टक्के मतदान झालं, म्हणजे १९९५ नंतरचं सर्वाधिक.

बाकी, आपली वार्षिक सभा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होते आणि मग तीच दहा डोकी ती चालवतात, त्यावर काय बोलायचं!

त्या विधानसभेआधी मी यादी घेऊन आपल्या विंगमधून फिरलो. सात घरांत एकाचंही नाव इथल्या यादीत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, “काका, आम्ही लग्न होऊन इथे आलो, नाव माहेरीच राहिलं, यजमानांचं दादरला.” दोघांचे अर्ज मी तिथेच बसून भरून घेतले. उरलेल्या सहा घरांचे अजून बाकी आहेत. कोरे नमुने वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवले आहेत.