टोप आणि अंबाडा

मराठी रंगभूमीवर केशभूषेची कला प्रामुख्याने स्त्रीभूमिकांच्या गरजेतून वाढली. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हापासून स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत आले. काही नट त्यासाठी केस वाढवीत, इतरांची भिस्त गंगावनावर किंवा पूर्ण टोपावर असे. ऋषींच्या जटा आणि दाढ्या ताग-लोकरीच्या असल्या तरी मशालींच्या उजेडात निभावून जात. नायिकेच्या केसांना मात्र तेवढ्यावर भागत नसे.

संगीत नाटकाच्या बहराच्या काळात ही गरज आणखी वाढली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत वेशभूषेवर सढळ हाताने खर्च होई. बालगंधर्वांनी ‘स्वयंवर’मध्ये राजकन्या रुक्मिणी उभी केली, तर ‘एकच प्याला’मध्ये दारूपायी धुळीला मिळालेल्या संसारातील सिंधू. या दोघींचे केस सारखेच बांधून चालणार नव्हते. अंबाडा, खोपा, वेणी, गजरा यांवरून पात्राचे घराणे, वय आणि मनःस्थिती प्रेक्षकांना कळे. बालगंधर्वांचे नेसणे आणि केशरचना पाहून घरंदाज स्त्रियाही तशी धाटणी उचलू लागल्या.

चांगला टोप हाताने विणला जातो. डोक्याचा घेर, कपाळापासून मानेपर्यंतचे आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे अंतर मोजून जाळीची टोपी बेततात. मग बारीक आकडीने केस ओढून जाळीच्या प्रत्येक छिद्राशी गाठ मारतात. मागच्या बाजूला एका गाठीत अनेक केस घेतले तरी चालतात. कपाळाच्या रेषेवर मात्र एकदोनच केस घ्यावे लागतात, नाहीतर टोप लगेच ओळखू येतो. सगळ्या केसांची मुळे एकाच दिशेला ठेवावी लागतात. केसावरील सूक्ष्म खवले उलटसुलट आले, की गुंता सुटत नाही.

चित्रपटाने या कामातला बारकावा वाढवला. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले पडद्यावर आल्या. रंगमंचावर दहा हातांवरून न दिसणारी जाळीची कड कॅमेऱ्याच्या जवळच्या दृश्यात उघडी पडते, म्हणून पुढे अतिशय तलम जाळी वापरात आली.

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. हळूहळू स्त्रीभूमिका नटींकडे गेल्या आणि टोपाचे काम ऐतिहासिक पात्रे, वृद्धत्व आणि कालदर्शन यांकडे अधिक वळले. शिवकालीन दाढी, पेशवाईतील शेंडी, पिकलेले केस हे सारे आता केशभूषाकाराच्या अभ्यासाचे विषय झाले.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मात्र केशभूषा हे स्त्रियांचे आणि रंगभूषा हे पुरुषांचे काम, अशी वाटणी रूढ झाली. रंगभूषाकार म्हणून स्त्रियांना संघटनेचे सदस्यत्व मिळत नसे. रंगभूषाकार चारू खुराणा यांनी याविरुद्ध दाद मागितली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली आणि रंगभूषेचा व्यवसाय स्त्रियांना खुला झाला.