धोंडोपंत आणि धोंड्या

मनुस्मृतीचा दुसरा अध्याय उघडून पाहा. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं. आणि शूद्राचं? किळस यावी असं. वर पुन्हा त्याला चाकरी दाखवणारा शब्द जोडायचा. लेकरू पाळण्यात, तोवर धंदा ठरलेला! २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जी होळी झाली, तिच्यात हे बारसंही जळालं.

पण सगळं मनूच्या माथी मारून भागत नाही. आपल्या आजे-पणज्यांची नावं आठवा. दगडू, कचरू, भिकू. यातली कितीतरी मायनं मायेनंच ठेवली. आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून याला कचरा म्हणायचं. मरणाची नजर जाणार नाही. चीनच्या खेड्यातही पोट्ट्याला कुत्र्याचं उष्टं अशा अर्थाचं नाव देत, कारण हेच. आणि बामणाच्या घरी? तिथंही धोंडा होताच. महर्षी कर्वे म्हणजे धोंडो केशव. १८५७ चे नानासाहेब पेशवे म्हणजे धोंडोपंत. दगड तोच. त्यांच्या दगडाला पंत चिकटला, आमच्या दगडाला 'ड्या'. धोंड्या, भिक्या, कचऱ्या. मनूला हवी होती ती किळस या शेपटातून आली.

एके काळी आपलं शेपूट वेगळं होतं. १८१८ च्या लढाईच्या कोरेगावच्या खांबावर 'नाक' लावलेली नावं कोरली आहेत. त्याचं मूळ नाग की नायक, यावर भांडण आहे. मला नायक पटतं. सैन्यात पगार घेताना माणूस 'नाक' होता, गावात आला की 'ड्या'.

रोममध्ये मार्कसचा गुलाम म्हणजे मार्किपोर, मार्कसचा पोऱ्या. एवढीच ओळख. अमेरिकेत माल्कम लिटलनं गोऱ्या मालकाकडून आलेलं आडनाव फेकलं न् तिथं एक्स लावला, कारण आफ्रिकेतलं खरं आडनाव कोणाला ठाऊकच नव्हतं.

आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरात बदललो. पुढं घराघरात सिद्धार्थ, मिलिंद, सुजाता, संघमित्रा आले. पंचांग नाही, भट नाही. मिलिंद तर ग्रीक राजा मिनँडर, पण तो आता आपला वाटतो. राहुलचा अर्थ परंपरेत बंधन असा सांगतात, तरी वस्तीत राहुल ढीगभर! उपाली न्हावी होता, सुनीत झाडूवाला. दोघेही संघात मोठे भिक्खू झाले. त्यांची नावं मात्र आपण कमीच ठेवतो. काऊन बरं?

आणि आडनाव तसंच राहिलं. मेश्राम, रामटेके, खोब्रागडे. माल्कमनं जे टाकलं ते आपण ठेवलं. आमच्या खात्यातला एक पोट्टा आता नावापुढं फक्त मायचं नाव लावतो. हजेरी घेणारा ते लिहितो, पेन थांबवतो, न् विचारतो, "हां, पण पुढं काय?"