शांतताकालीन युद्धसज्जता

शांतताकालीन युद्धसज्जता : लढाई नसताना आणि छावणीत वर्षानुवर्षे मुक्काम असताना, हुकूम येताच लढायला निघता येईल अशा स्थितीत सैन्य ठेवण्याची व्यवस्था. जवानांचा दम, नेमबाजी, वाहनांची निगा, दारूगोळ्याचा साठा, तुकड्यांचा परस्परांशी मेळ आणि अधिकाऱ्यांना असलेली निर्णयाची सवय, हे सारे तिच्यात येते. छावणीत सैन्य आळसावते, अशी समजूत आहे. पण सैन्य रिकामे फार क्वचित बसते. ते भलत्या कामांत गुंतते आणि सज्जता तिथे झिजते.

हे दुखणे जुने आहे. इ. स. 128 मध्ये रोमन सम्राट हेड्रियन याने आजच्या अल्जीरियातील लाम्बेसिस येथे तिसऱ्या ऑगस्टा लिजनच्या कवायती स्वतः पाहिल्या. त्या प्रसंगीचे त्याचे भाषण दगडात कोरलेले सापडले आहे. इतरांना कित्येक दिवस लागणारी तटबंदी एका दिवसात उभारणाऱ्या तुकडीचे त्यात कौतुक आहे. लिजनची एक पलटण दरवर्षी पाळीपाळीने प्रांताधिपतीच्या दिमतीला जाते आणि बाकीचे सैनिक लांबलांबच्या चौक्यांवर विखुरलेले असतात, याचीही त्याने दखल घेतली. कुठल्याही छावणीतल्या सुभेदाराला ही अडचण ओळखीची वाटेल.

नंतरचे उदाहरण प्रशियाचे : तिथले सैन्य संचलनात अजोड होते. फ्रेडरिक द ग्रेटच्या विजयांची पुण्याई या सैन्याने दोन पिढ्या जपली. 14 ऑक्टोबर 1806 रोजी येना आणि आउअरश्टेट येथे एकाच दिवशी फ्रेंचांनी त्याचा धुव्वा उडवला. त्या पराभवानंतर सैन्याची फेररचना झाली, आणि 1824 मध्ये राइसवित्स याचा नकाशावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणात आला. पंच, फासे आणि मनाप्रमाणे न वागणारा प्रतिस्पर्धी, असे त्याचे स्वरूप होते. भारतीय पलटणींत सँड मॉडेलभोवती, म्हणजे वाळूत रचलेल्या भूभागाच्या प्रतिकृतीभोवती, होणारी चर्चा त्याच कुळातली.

भारतीय भूदलात पलटणी ‘फील्ड’ (सीमेवरची तैनाती) आणि ‘पीस’ (छावणीतला मुक्काम) अशा आलटून-पालटून राहतात. पीसमध्ये कुटुंब जवळ असते, मुलांची शाळा स्थिर होते, जवान साठलेली रजा घेतो; ही विश्रांती चैन नव्हे, ती गरज आहे. त्याच काळात पाच किलोमीटरची सशस्त्र दौड, चांदमारी, वेगवेगळे कोर्स आणि सामूहिक सराव उरकायचे असतात. महाराष्ट्रात अहिल्यानगरजवळच्या खारे-कर्जुने मैदानावर रणगाड्यांचा गोळीबार चालतो, तर देवळालीला तोफखान्याचा. पण याच कॅलेंडरात तपासण्या, पाहुण्यांची सरबराई, क्रीडास्पर्धा, पहारे आणि फटीकही (अंगमेहनतीची किरकोळ कामे) असतात. कागदावर पूर्ण असलेली कंपनी सरावाच्या सकाळी मैदानात अर्धीच दिसते.

याचे सर्वांत बोचरे भारतीय उदाहरण चौथ्या डिव्हिजनचे आहे. 1941 मध्ये केरेन आणि 1944 मध्ये मॉन्टे कॅसिनो येथे लढलेली ही नामांकित डिव्हिजन 1950च्या दशकाच्या अखेरीस अंबाल्यात होती. जवानांच्या घरांची टंचाई खरीच होती. तेव्हाचे डिव्हिजन कमांडर मेजर जनरल बी. एम. कौल यांनी ‘अमर’ प्रकल्प हाती घेऊन जवानांकडूनच घरे बांधून घेतली. घरे झाली, कौतुकही झाले. प्रशिक्षण मात्र मागे पडले. सपाट मुलखात लढण्यासाठी घडलेली हीच डिव्हिजन 1959 मध्ये, लोंगजू येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर, नेफा या ईशान्य सीमाभागाच्या डोंगरांत पाठवण्यात आली. 20 ऑक्टोबर 1962 रोजी नामका चू येथे तिची सातवी ब्रिगेड चिनी हल्ल्यात कोलमडली. सुती गणवेश, तुटपुंजी रसद आणि दिल्लीचे चुकलेले अंदाज ही त्यामागची मोठी कारणे होती, त्यामुळे सगळा दोष विटा-सिमेंटवर टाकता येणार नाही. पण लढाऊ डिव्हिजनचा प्रशिक्षणाचा वेळ खर्चून घरे उभारणे हा सौदा महागाचाच होता.

सज्जता मोजायची कशी, हा प्रश्न उरतो. संचलनातून ती दिसत नाही. 1986-87 मध्ये जनरल सुंदरजी यांनी राजस्थानात घेतलेल्या ‘ब्रासटॅक्स’ सरावाने प्रचंड फौज हलवून दाखवली. तरीही डिसेंबर 2001 मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर ‘पराक्रम’ मोहिमेत मुख्य चढाई करणाऱ्या कोअरना अंबाला, मथुरा, भोपाळ येथून येऊन सीमेवर सज्ज व्हायला सुमारे तीन आठवडे लागले. छोट्या, सीमेजवळ असणाऱ्या लढाऊ गटांचा विचार यातूनच पुढे आला. अमेरिकेने 1980च्या दशकात कॅलिफोर्नियातील फोर्ट अर्विन येथे वेगळा मार्ग घेतला : सोव्हिएत पद्धतीने लढणारा कायमचा ‘शत्रू’ तिथे ठेवला, लेझरने नेम मोजले आणि प्रत्येक झटापटीनंतर चुका सर्वांसमक्ष मांडल्या. पाहुणी पलटण तिथे बहुधा हरे. ठरलेल्या निकालाच्या दहा सरावांपेक्षा असा एक पराभव अधिक शिकवतो.

साठा हा कंटाळवाणा म्हणून दुर्लक्षिला जाणारा भाग. भारताच्या महालेखापरीक्षकांनी 2015 आणि 2017 च्या अहवालांत दारूगोळ्याच्या तुटीवर बोट ठेवले होते. गोळ्या राखून ठेवाव्या लागल्या की पहिली कात्री सरावाच्या गोळ्यांना लागते.

काही गोष्टी पैशाने किंवा हुकमाने लवकर होत नाहीत. 1962 नंतर पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या आणि उंचीशी जुळवून घेण्याचा क्रम ठरला : 9,000 ते 12,000 फुटांवर सहा दिवस, 15,000 फुटांपर्यंत चार आणि त्याहून वर आणखी चार. 2020 मध्ये गलवान येथे चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर हवाई दलाने लडाखला उतरवलेल्या जवानांनाही हे चौदा दिवस काढावेच लागले.