सायलेन्सर, विद्यार्थी शर्यती गाडीचा

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेल्या आणि बांधलेल्या एकआसनी शर्यती गाडीच्या एक्झॉस्टचा आवाज स्पर्धेच्या मर्यादेत आणणारा डबा, नळ्या व पोकळ्यांची रचना. शर्यतीच्या गाडीला सायलेन्सर कशाला, असे बाहेरच्याला वाटते. फॉर्म्युला स्टुडंट धाटणीच्या स्पर्धेत मात्र ध्वनिचाचणी पार केल्याशिवाय पेट्रोलची गाडी धावपट्टीवर उतरत नाही.

या स्पर्धांची सुरुवात 1981 मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात झाली. ब्रिटनमध्ये त्या 1998 मध्ये पोहोचल्या. भारतात वाहन अभियंत्यांची संस्था एसएई इंडियाची ‘सुप्रा’ 2011 पासून, तर पुढे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ भरू लागली. महाराष्ट्रातून मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयाचा ओरायन रेसिंग, व्हीजेटीआय, द्वारकादास सांघवी महाविद्यालयाचा डीजेएस रेसिंग, निगडीचा क्रॅटोस असे संघ या क्षेत्रात नाव मिळवून आहेत. इंजिन बहुधा मोटरसायकलचे असते. चाकणला बनलेल्या आधीच्या पिढीच्या केटीएम 390 चे 373 सीसीचे एकसिलिंडरी इंजिन हलके आणि हाताशी मिळणारे, म्हणून अनेक भारतीय संघ ते निवडतात. आवाजाच्या बाबतीत मात्र हीच निवड सर्वांत अवघड ठरते.

चाचणी. गाडी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये. धुरनळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, तोंडाच्याच उंचीला, 45 अंशाच्या कोनात मायक्रोफोन धरतात. आयडलला 103 आणि त्यावरच्या वेगांना 110 डेसिबल ही मर्यादा. इंजिन किती फिरवायचे, हे पिस्टनच्या सरासरी वेगावरून ठरते: मिनिटाला 914.4 मीटर, म्हणजे 3,000 फूट. या केटीएमचा स्ट्रोक 60 मिमी. गणित केले की मिनिटाला 7,620 फेरे येतात आणि जवळच्या पाचशेला नेऊन चाचणी 7,500 वर होते.

डेसिबलची मोजपट्टी फसवी असते. 115 वरून 110 वर यायचे म्हणजे पाचच आकडे खाली, पण त्यासाठी ध्वनीची ऊर्जा एक तृतीयांशापेक्षाही कमी करावी लागते. ‘थोडाच जास्त आहे, शेवटच्या रात्री बघू’ म्हणणारा संघ इथेच अडकतो.

त्यातच 2010 च्या दशकात नियम बदलला. आधी आवाज ए-स्केलवर मोजत. माणसाचा कान खर्जाला मंद असतो, म्हणून ती मोजपट्टी 63 हर्ट्झजवळच्या आवाजातून 26 डेसिबल वजा करते. नंतर सी-स्केल आली आणि ती तिथे जेमतेम 1 डेसिबल वजा करते. चारस्ट्रोक एकसिलिंडर इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा पेटते. 7,500 फेऱ्यांना सेकंदाला 62.5 वेळा. म्हणजे केटीएमचा मूळ धडधडाट नेमका त्याच जागी बसतो. चार सिलिंडरच्या इंजिनाचा मूळ सूर फेरे तेवढेच असतानाही चौपट वर असतो. त्यामुळे ए-स्केलवर सहज सुटणारी एकसिलिंडर गाडी सी-स्केलवर अडते.

रचना. मोटरसायकलच्या दुकानात मिळणारा आफ्टरमार्केट डबा बहुधा शोषक जातीचा असतो. मधून आरपार जाळीची नळी, भोवती ग्लासवूल किंवा बेसॉल्टचे तंतू, वर पत्र्याचे आवरण. धुराला अडथळा कमी, ताकद फारशी जात नाही. मात्र तो गिळतो ती वरच्या पट्टीची कर्कशता. खर्ज त्यातून बिनघोर निघून जातो.

खर्जासाठी पोकळी लागते. नळी एकदम मोठ्या डब्यात उघडली की ध्वनिलहरीचा काही भाग उलट परततो. 40 मिमीच्या नळीला 120 मिमी व्यासाचा डबा जोडला तर क्षेत्रफळ नऊपट होते आणि सूत्राप्रमाणे जास्तीत जास्त 13 डेसिबलची घट मिळते. तीही डब्याची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी असेल तरच. 400 अंश सेल्सिअसच्या धुरात ध्वनी सेकंदाला सुमारे 520 मीटर जातो, 62.5 हर्ट्झची लहर 8 मीटरहून लांब भरते, तिचा चौथा हिस्सा 2 मीटर. एवढा डबा या गाडीत कुठे बसवणार? धुरनळी मागच्या आसापलीकडे किती जावी यालाही नियमाची मर्यादा आहे. तोच डबा 400 मिमी लांबीचा केला तर 325 हर्ट्झजवळ पूर्ण 13 डेसिबल मिळतात, पण 62.5 ला जेमतेम 4.

दुसरा मार्ग हेल्महोल्ट्झ अनुनादकाचा: धुराच्या वाटेला बाजूने जोडलेली, अरुंद मानेची बंद पोकळी. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो एकच सूर येतो, तोच सूर ही पोकळी नळीतून काढून घेते. 20 मिमी व्यासाची, 80 मिमी प्रभावी लांबीची मान धरली तर 62.5 हर्ट्झसाठी सुमारे 7 लिटरची पोकळी हवी. हे जमण्यासारखे आहे, पण चौकट आखतानाच जागा राखली तर. सस्पेन्शन, साखळी, इंधनटाकी बसल्यावर 7 लिटर मोकळे सापडत नाहीत. सायलेन्सर हा शेवटी लटकवायचा भाग नाही. चौकटीच्या पहिल्या रेखाटनात त्याचा चौकोन आखलेला असायला हवा. या गणितासाठी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. एल. मुंजाल यांचा नळ्या व मफलरांच्या ध्वनिशास्त्रावरचा 1987 चा ग्रंथ जगभर वापरतात. आपल्या विद्यार्थ्यांनी तो आवर्जून उघडावा.

देखभाल. शोषक डबा दर काही तासांच्या धावेनंतर पुन्हा भरावा लागतो. मागच्या झाकणाचे रिव्हेट ड्रिलने काढायचे, काळी पडलेली जाळी ओढून घ्यायची. आतले तंतू जळून ठिसूळ झालेले, काही ठिकाणी धुराबरोबर उडून गेलेले दिसतात. जाळीवर आधी स्टेनलेस स्टीलचा काथ्या घट्ट गुंडाळायचा, त्यावर ग्लासवूल. सैल भरले तर ते उडते आणि फार ठासले तर हवेच्या वाटा बुजून शोषण घटते. मास्क आणि हातमोजे हवेतच. सांध्यांची गळतीही घातक: स्प्रिंगने धरलेल्या सांध्यातून धूर फुसफुसला तर चांगला डबाही चाचणीत नापास होतो.

किनाऱ्यावर गंजाची भर पडते. गाडी थोडा वेळ चालवून बंद केली की ज्वलनातले पाणी डब्यात साचते, बाहेरून खारा वारा लागतो. साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा स्टेनलेस 304 बरे, तरी खाऱ्या हवेत तेही डागाळते.

ध्वनिशोषणाला उपयोगी पडेल असा एक मालही किनाऱ्यावरच मिळतो. रत्नागिरीहून भाट्ये पूल ओलांडला की किनाऱ्यालगतच कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र लागते.  या परिसरात सोडणांना, म्हणजे नारळाच्या तंतुमय सालींना, तोटा नाही, आणि सोडणाचा काथ्या ध्वनिशोषक म्हणून मलेशियातील विद्यापीठांत बारकाईने तपासला गेला आहे. धुरनळीच्या डब्यात तो चालणार नाही, एक्झॉस्टच्या उष्णतेत तो जळेल. इंजिन चाचणीच्या खोलीच्या भिंतींना मात्र अग्निरोधक प्रक्रिया करून, इंजिनापासून दूर, तो लावता येतो. वरच्या पट्टीला तो उत्तम काम करतो; खालच्या पट्टीला पातळ थर कमी पडतो आणि मागे हवेची फट सोडावी लागते. थंड हवेत 62.5 हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साच 1.37 मीटर भरतो. डब्यात जी अडचण, तीच भिंतीतही. कोकणातल्या कॉलेजांनी या काथ्याच्या पाट्यांवर काम करावे, असा हा विषय आहे.

कॉलेजच्या आवारात. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, आणि शिक्षणसंस्थांभोवतीचे 100 मीटर सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केले असतील तर तिथे 50. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवर 110 असलेला आवाज या हिशेबाने 50 मीटरवर 70 उरतो. कायद्याचे आकडे ए-स्केलवरचे असल्याने खर्जाच्या गाडीची नोंद त्यातून बरीच घटते, तरी शेजारच्या वर्गाला आणि वसतिगृहाला ती ऐकू येतेच. पहिल्या दिवसापासून डबा लावूनच इंजिन सुरू व्हावे, हा शेजाऱ्यांचा हक्क आहे.

विजेच्या गाड्या. आयआयटी मुंबईच्या संघाने सिल्व्हरस्टोनच्या स्पर्धेत विजेच्या गाड्या उतरवल्या, आणि इतर संघही त्या वाटेने जात आहेत. या गाड्यांना धुरनळी नाही, म्हणून ही ध्वनिचाचणी नाही. त्यांना पावसाची चाचणी असते: 2 मिनिटे पाण्याचा फवारा, नंतर 2 मिनिटे थांबणे, आणि या साऱ्या वेळात इन्सुलेशन तपासणारे यंत्र ट्रिप होता कामा नये.