कोपऱ्यांतील अंधार

जुन्या मोठ्या कांचेच्या प्लेटांवरील छायाचित्रें हल्लीं स्कॅन करून संगणकांत उतरविलीं जातात. पडद्यावर मध्यभाग उजळ आणि कोपरे काळवंडलेले दिसले, कीं घरचीं माणसें म्हणतात, "एवढा दोष काढून टाका." काढणें आतां सोपें आहे, परंतु दोष कशाचा, याचा निवाडा आधीं व्हावा, असें आम्हांस वाटतें.

या अंधाराचीं कारणें मुख्यतः दोन. भिंगाच्या नळीची कड तिरप्या किरणांस अडविते, हें पहिलें. १८४० सालीं व्हिएन्ना येथें पेट्झवालनें योजिलेल्या व्यक्तिचित्रांच्या भिंगांत तें ठळक दिसतें. प्रकाशद्वार लहान केल्यास तें बहुतेक नाहींसें होतें. दुसरें भूमितींतच आहे. साध्या भिंगांत, किरण अक्षाशीं जो कोन करतो, त्याच्या कोसाइनच्या चतुर्थ घाताइतकाच प्रकाश उरतो: ४५ अंशांवर चौथा हिस्सा, ६० अंशांवर सोळावा. येथें द्वार लहान करून उपयोग नाहीं.

बर्लिनच्या गोर्झ कंपनीसाठीं एमिल फॉन होएग यानें १९०० सालीं 'हायपरगॉन' रचलें, तेव्हां ही अडचण विकोपास गेली. जवळजवळ अर्धगोल अशीं दोनच पातळ भिंगें, पण दृष्टीचा आवांका सुमारें १३५ अंशांचा! कडेस मध्याच्या मानानें सुमारें पन्नासावा हिस्सा प्रकाश पोहोंचे. त्यावरील तोड मोठी मौजेची होती. भिंगापुढें एक दांतेरी तारका असे. रबरी फुग्यानें हवा फुंकली कीं ती गरगर फिरे, मध्याचा प्रकाश रोखी व कडांस मोकळीक देई. मग ती बाजूस सारून उरलेला वेळ मध्यासहि प्रकाश देत. पुढें हेंच काम मध्यें गडद आणि कडेस निर्मळ अशी कांच करूं लागली.

हे उपाय प्रकाश प्लेटवर पडण्यापूर्वींचे. संगणकाचा उपाय नंतरचा. जो प्रकाश पडलाच नाहीं, तो संगणक कोठून आणणार? तो कोपरे उजळवितो, तेव्हां तपशिलाबरोबर रुप्याचे कण आणि डागहि वाढतात. शिवाय उंच इमारत चौकटींत बसावी म्हणून छायाचित्रकार भिंग वर सरकवीत असे. मग उजेडाचें केंद्र चित्राच्या मध्यावर न राहतां खालीं येतें. हें न जाणतां केलेल्या दुरुस्तींत आकाशाचे कोपरे काळेच राहतात आणि जमीन भलतीच उजळते.

भिंग हातीं असेल, तर त्याच द्वारानें व त्याच सरकावानें सारख्या उजेडांतील पांढऱ्या पृष्ठभागाचें चित्र घ्यावें आणि त्यावरून प्रत्येक जागेची तूट ठरवावी. भिंग गेलें असेल, तर हात आंवरता ठेवावा. दुरुस्त प्रत भिंतीवर खुशाल लावावी; पण मूळ स्कॅन अस्पर्श राखून, काय बदललें याची नोंद शेजारीं ठेवावी. नाहींतर नातवंडांच्या हातीं आजोबांचें घर पडेल खरें, पण त्यावरील कोणता उजेड त्या दिवसाचा आणि कोणता आपला, हें सांगणारें कोणी उरणार नाहीं.