बैलघोड्याच्या दवाखान्यात कुत्रं कुठं बसतं?

गेल्या पावसाळ्यात आमचा मोती पार्वोनं गेला. चार महिन्यांचं पिल्लू. आधी भाकरीला तोंड लावंना, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. तिसऱ्या दिवशी पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर एका दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं, "इथं गाय-बैल, शेळ्या-मेंढ्यांची औषधं आहेत. कुत्र्याचं बाहेरून आणावं लागंल." औषध घेऊन येईपर्यंत उशीर झाला होता.

त्या माणसावर माझा राग नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. जनावराच्या दवाखान्यात कुत्रं जनावर का धरत नाहीत? शोधत गेलो तर उत्तर दीडशे वर्षं मागं निघालं.

आपल्याकडं आधुनिक पशुवैद्यक आलं ते फौजेच्या घोड्यासाठी. शेजारचं अंबाजोगाई, म्हणजे निजामाच्या काळातलं मोमिनाबाद, ही हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. घोडा आजारी पडला तर स्वार बिनकामाचा. घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्स रोगासाठी सरकारनं 1899 मध्ये खास कायदा केला.

घोड्यानंतर बैलाचा नंबर. बुळकांडी आली की गावंच्या गावं गोठे रिकामे व्हायचे. बैल गेला की पेरणी गेली, पेरणी गेली की सारा बुडाला. म्हणून 1889 मध्ये पुण्यात सरकारी जिवाणू प्रयोगशाळा निघाली. 1893 मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. बरेलीजवळच्या इज्जतनगरची आजची मोठी पशुवैद्यक संस्था ती हीच. लस टोचत टोचत 2006 मध्ये भारत आणि 2011 मध्ये सगळं जग बुळकांडीमुक्त झालं. देवीनंतर जगातून पुसला गेलेला हा दुसराच रोग. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी बुळकांडी डोळ्यांनी पाहिली, आपल्या पोरांना आता तो शब्दही माहीत नाही. एवढं मोठं काम या खात्यानं केलंय, ते मान्यच केलं पाहिजे.

मुंबईत परळला पेटिट घराण्याच्या देणगीतून जनावरांचं हॉस्पिटल उभं राहिलं आणि तिथंच 1886 मध्ये पशुवैद्यक कॉलेज सुरू झालं. त्या काळी मुंबईत माल बैलगाडीतून जायचा आणि ट्रामसुद्धा घोडे ओढायचे. लोकांनी त्या हॉस्पिटलला नाव दिलं 'बैलघोडा'. आजही परळला विचारा, बैलघोडा हॉस्पिटल कुणीही दाखवील. त्या नावातच सगळा इतिहास आहे. जो कामाचा, त्याचा इलाज.

स्वातंत्र्यानंतर बैलाच्या जोडीला दूध आलं. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावाकडचे दवाखाने त्यांच्याकडं आले. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत यांच्या लसी दारापर्यंत आल्या. डागणी देणारे मागं पडले. 1972 मध्ये परभणीला आणि 1987 मध्ये उदगीरला पशुवैद्यक कॉलेज झालं. मराठवाड्याच्या पोरांना डॉक्टर व्हायला लांब जायची गरज राहिली नाही.

मग यात कुत्रं कुठं आलं? कुत्रं सरकारी कागदावर आलं ते चावल्यावर.

पाश्चरनं 1885 मध्ये पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या मुलाला लस टोचली आणि तो वाचला. आपल्याकडं मात्र मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस 2004 पर्यंत चालली. पोटात चौदा इंजेक्शनं! ज्यांनी घेतलीत त्यांना अजून आठवून घाम फुटतो. पण ती लस माणसाला. कुत्र्याच्या वाट्याला काठी नाहीतर विषाचा लाडू. भटक्या कुत्र्यांना मारू नका, नसबंदी करा आणि लस टोचा, असा नियम यायला 2001 साल उजाडलं.

आता शहरात बघा. त्याच बैलघोडा हॉस्पिटलात आज कुत्र्या-मांजरांची रांग असते. 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटांचं पाच मजली हॉस्पिटल निघालं, फक्त छोट्या पाळीव प्राण्यांसाठी. सव्वाशे-दीडशे वर्षांत मुंबई घोड्यावरून मांजरापर्यंत आली. आपण युसूफ वडगावात अजून बैलापाशीच आहोत.

आणि दोष एकट्या सरकारचा नाही. बैल आजारी पडला तर आपलं सगळं घर रात्रभर जागं राहतं. कुत्रं आजारी पडलं तर आपण म्हणतो, "पडलं असंल, उठंल." रात्रभर शेत राखतं ते, कळपामागं धावतं ते, पण पैसे खर्चायची वेळ आली की ते हिशेबात नाही. कुत्र्यानं भाकरी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागं धावणारे नामदेव आपल्याच मराठवाड्यातले. कीर्तनात ती गोष्ट आली की आपण माना डोलवतो आणि घरी येऊन कुत्र्याला हाड म्हणतो.

दया बाजूला ठेवा, हिशेबच करू. रेबीजची लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही, जवळजवळ शंभरातले शंभर जातात. पण एखाद्या भागातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस दिली, तर तिथं रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे कुत्र्याच्या मानेत टोचलेली सुई आपल्याच लेकरासाठी असते.

28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. माझं म्हणणं एवढंच, की ग्रामसभेत ठराव घेऊ. वर्षातून एकदा त्या दिवशी गावात कुत्र्या-मांजरांचं लसीकरण शिबिर. डॉक्टर बोलवायचे, लसीचा खर्च वर्गणीतून किंवा ग्रामनिधीतून करायचा. ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांनी पार्वोची लस दीड-दोन महिन्यांचं असतानाच सुरू करावी आणि सगळे डोस पूर्ण करावेत. रेबीजची तीन महिन्यांनंतर.

मोतीची ती एक लस राहिली. तुमच्या दारातल्याची राहू देऊ नका. ग्रामसभेला कोण कोण येणार, खाली लिहा.