कडू फूल, गोड फूल

पनवेलच्या वेशीवर, तळोजे औद्योगिक वसाहतीत बिअर तयार होते. परंतु तिला कडवट चव देणारे हॉप नावाचे वेलीवरचे फूल आपल्या मातीतले नव्हे. या वेलीला भरघोस वाढीसाठी पंधरा-सोळा तासांचे दिवस लागतात. आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा.

हॉप आणि बिअर यांची सांगड घालणारी जुन्यात जुनी नोंद मठातली आहे. इ. स. ८२२ मध्ये फ्रान्समधील कोर्बीचे मठाधिपती आदालहार्ड यांनी घालून दिलेल्या नियमांत ती सापडते. पुढे बाराव्या शतकात बिंगेनच्या संत हिल्डेगार्ड यांनी लिहिले की, हॉपच्या कडूपणामुळे पेय नासत नाही. मात्र माणसाचे मन खिन्न होते. हे दुसरे विधान सहसा कुणी सांगत नाही!

हॉपच्या जुन्या वाणांची ओळख प्रदेशांवरून पडली. बोहेमियाचा साझ आणि बव्हेरियाचा हालरटाऊ हे सौम्य वाण. त्यांत कडू आम्ल शेकडा तीन ते पाच. त्यांची खरी प्रतिष्ठा सुगंधामुळे. इंग्लंडच्या केंट परगण्यातील गोल्डिंग किंचित अधिक कडू. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानाकडे येणाऱ्या बिअरमध्ये हॉप सढळ हाताने घालीत, पिंपातही सुकी फुले टाकीत; म्हणून केपला वळसा घालणाऱ्या कित्येक महिन्यांच्या प्रवासातही ती टिके. विसाव्या शतकातील मॅग्नम या जर्मन वाणात तर कडू आम्ल शेकडा अकरा ते चौदा. थोडक्यात काम भागते, म्हणून कारखानदाराला तो परवडतो. सुगंधाच्या बाबतीत मात्र साझ तो साझच.

हे परके कडू फूल सन्मानाने बंदरात उतरत असताना आपल्या गोड फुलाचे काय झाले? मोहाच्या फुलांवर ठाकूर-कातकऱ्यांची टंचाईच्या दिवसांत गुजराण होई. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारची पकड घट्ट झाली. शेजारच्या उरणात परवान्याच्या भट्ट्या चालत, त्यांना लागणारा मोह पंचमहालातून येई. मग १८९२ च्या मोहडा कायद्याने ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत फुलांवरच निर्बंध घातले. पनवेल तालुका १८८३ पासून कुलाब्यात होता. महसूल राखण्यासाठी गरिबाच्या टोपलीतल्या अन्नावर नजर ठेवणे, याला मी तरी न्याय म्हणणार नाही. उरणच्या भट्ट्यांकडे मोहाची पोती मात्र येतच राहिली.